प्रतिमेवरची प्रतिमा

हैदराबादेतील महाराष्ट्रीय आणि कोंकणी घरांतून गेल्या काही वर्षांत एक नवी रीत रूढ होऊन बसली आहे. सत्यनारायणाची पूजा मांडली, की चौरंगाच्या एका अंगाला लॅपटॉपचा किंवा मोबाइलचा लहानसा पडदाही मांडतात, आणि परदेशी असलेली लेकरे त्या पडद्यात येऊन पूजेला बसतात. कधी याच्या उलटही घडते. यजमान तिकडे, चौरंग तिकडे, आणि गुरुजी तेवढे काचीगुड्यातील आपल्या घरी बसून मंत्र सांगत असतात. आता अशी कल्पना करू, की अमेरिकेतील एका यजमानाला त्या दिवशी ऑफिसातून यायला उशीर झाला. स्नान राहिले, सोवळे नेसणे राहिले. तेव्हा त्याने, तरुण मंडळी जिला फिल्टर म्हणतात, त्या सोयीचा आश्रय घेतला. कळ दाबताच पडद्यावरील त्याच्या कपाळी गंध उमटले, खांद्यावर उपरणे आले, आणि पाठीमागची पसाऱ्याची खोली जाऊन तेथे समयांच्या उजेडातले देवघर दिसू लागले. गुरुजींनी ते पाहिले, त्यांना समाधान वाटले, आणि त्यांनी आचमन करावयास सांगितले. पूजा पार पडली. प्रश्न एवढाच, की हा यजमान खोटे वागला काय?

कित्येकांना हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. त्यांना मी संकल्पाचे स्मरण देईन. संकल्पात कर्ता प्रथम देश आणि काळ यांचा उच्चार करतो. गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत हेदेखील तो सांगतो. हैदराबादचा मनुष्य दक्षिण तीर म्हणतो. अमेरिकेत पूजा सांगणारे पुरोहित जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीपाचे नाव घेतात, तेही याच सचोटीने. आपण कोठे आहोत हे देवाला ठाऊक नसते म्हणून काही हा उच्चार नव्हे. कर्त्याने स्वतःचे ठिकाण स्वतःच्या तोंडाने मान्य करावे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या कर्माचा आरंभच ‘मी अमुक ठिकाणी आहे’ या कबुलीने होतो, त्या कर्मात पाठीमागे दुसऱ्याच जागेचे चित्र लावून बसावे, ही विसंगती मला तरी क्षुल्लक वाटत नाही.

ही सोय कशी चालते ते थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण प्रश्नाचे मूळ पुष्कळसे तिच्या रचनेतच आहे. कॅमेरा सामान्यतः एका सेकंदात तीसएक चित्रे टिपतो, आणि प्रत्येक चित्र रंगीत बिंदूंचे बनलेले असते. त्यावर जे दुसरे चित्र चढवायचे, त्यातील प्रत्येक बिंदूला रंगाखेरीज आणखी एक संख्या जोडलेली असते. ती ० असेल तर खालचे चित्र जसेच्या तसे दिसते, १ असेल तर ते पूर्ण झाकले जाते, आणि मधली असेल तर दोन्ही रंग त्या प्रमाणात मिसळतात. या संख्येला अल्फा म्हणतात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कजवळ एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना मांडली, आणि १९८४ साली पोर्टर व डफ या दोघांनी चित्रावर चित्र चढवण्याचे सारे गणित रीतसर लिहून काढले. चेहऱ्यावरचे डोळे, नाक, हनुवटी कोठे आहेत हे यंत्र क्षणोक्षणी शोधत राहते, म्हणून मान हलली तरी गंध कपाळावरून ढळत नाही.

येथवर हे चित्रकाराचेच काम झाले. खरी मेख पुढे आहे. ही प्रणाली कॅमेरा आणि संभाषणाचे सॉफ्टवेअर यांच्या मध्ये जाऊन बसते आणि ‘कॅमेरा तो मीच’ अशी स्वतःची ओळख करून देते. संभाषणाचे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याकडे चित्र मागते, आणि त्याला मिळते ते थर चढवलेले. याला आभासी कॅमेरा असे नाव आहे, आणि फुकट मिळणाऱ्या ओबीएस नावाच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये २०२० सालापासून तो अंगभूतच आहे. म्हणजे पलीकडच्या मनुष्याची गोष्ट राहू द्या, मधल्या यंत्रालासुद्धा आपल्या हाती मूळ चित्र आले की झाकलेले, हे कळत नाही.

चित्रावर चित्र चढवण्याची हौस मात्र हैदराबादला नवी नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८८६ च्या सुमारास सिकंदराबादेत आपली चित्रशाळा थाटली, आणि १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी निराळी चित्रशाळा उघडून ती एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवली. त्या काळी अशा चित्रशाळांतून बसणाराच्या पाठीमागे रंगवलेले पडदे टांगीत. त्यांवर महिरपी असत, संगमरवरी खांब असत, तळी आणि उद्याने असत. काचेच्या पट्टीवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे वण आणि सुरकुत्या पुसट करण्याचीही चाल होती. यात कोणाची फसगत झाली? उद्यान कापडाचे आहे हे बसणाराला, टिपणाराला आणि पाहणाराला सारखेच ठाऊक होते. सुरकुत्यांविषयी मात्र इतक्या खात्रीने बोलवत नाही, विशेषतः ते छायाचित्र सोयरिकीसाठी धाडायचे असले तर.

दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९१५ मध्ये, हैदराबादेत कलाशिक्षक असलेल्या धीरेंद्रनाथ गांगुली या बंगाली गृहस्थांनी ‘भावेर अभिव्यक्ती’ नावाचे छायाचित्रांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तऱ्हेतऱ्हेचे वेष आणि तऱ्हेतऱ्हेचे भाव आहेत, आणि त्या सगळ्या रूपांत आहेत ते स्वतः गांगुलीच. पुस्तकाची सारी मौज एकाच गोष्टीवर उभी होती: हा मनुष्य एकच आहे हे वाचकाला अगोदर माहीत असणे. ते ठाऊक नसते तर ते एक सामान्य चित्रसंग्रह ठरते. हेच गांगुली पुढे १९२२ साली हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढून बसले, आणि १९२४ मध्ये ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखवल्यावरून निजामाच्या रोषास पात्र होऊन त्यांना राज्य सोडावे लागले. तो रोष वेषांतरावरचा नव्हता. हिंदू-मुसलमानांतील प्रेमकथेवरचा होता. पडद्यावरचा पोशाख चालतो, पडद्यावरचे प्रेम चालत नाही, हा न्याय काही एकट्या निजामाचाच म्हणता येणार नाही.

याच गांगुलींना १९७५ सालचा जो राष्ट्रीय पुरस्कार लाभला तो दादासाहेब फाळक्यांच्या नावाचा, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात बाळकृष्णाचे काम त्यांच्या सात वर्षांच्या मंदाकिनी या कन्येने केले आहे. चित्रपटाच्या आरंभी ती कृष्ण म्हणून येत नाही. प्रथम मुलगी म्हणून येते, प्रेक्षकांसमोर आपल्या चेहऱ्यावर एकेक भाव उमटवून दाखवते, आणि त्यानंतर तीच कृष्णाच्या वेषात उभी राहते. फाळक्यांना थर चढवण्याची विद्या अवगत होती. देवाला आकाशातून आणणे, एका देहातून दुसरा काढणे, ही त्यांची हातोटी. तरीही त्यांनी आधी मूळ चेहरा दाखवला आणि मग देव दाखवला. प्रेक्षकांनी पडद्यापुढे हात जोडले ते मंदाकिनीचा चेहरा ओळखीचा झाल्यावर. त्यामुळे त्यांची भक्ती उणी झाली असे कोठे ऐकिवात नाही.

येथे आपल्या आचार्यांनी हा विषय किती खोलवर हाताळला आहे हे पाहण्यासारखे आहे. ब्रह्मसूत्रावरील भाष्याच्या प्रारंभीच शंकराचार्य अध्यासाची चर्चा करतात. एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचे रूप दिसणे, दोरीच्या ठायी साप दिसणे, शिंपल्यात रुपे चमकणे, हा अध्यास. त्याचे कारण अज्ञान, आणि ज्ञान झाले की तो मावळतो. एवढ्यावरच कोणी थांबला तर त्याने सर्व प्रतिमापूजेला भ्रम ठरवावे लागेल. परंतु आचार्य तेथे थांबत नाहीत. शालग्रामाच्या ठिकाणी विष्णूची भावना करण्याचा दृष्टांत ते पुन्हा पुन्हा देतात. शिळा ही शिळा आहे हे उपासकाला पक्के ठाऊक असते, आणि ते ठाऊक असूनच तो तिच्यावर विष्णुरूप ठेवतो. साप पाहणारा घाबरून पळतो, कारण त्याला दोरी दिसलेलीच नाही. उपासकाला दोन्ही दिसत असतात. बाहेरून पाहता दोन्हीकडे एकावर दुसऱ्याचा आरोप आहे. आत मात्र एकाला ठकवणूक म्हणावे लागेल आणि दुसऱ्याला साधना.

याच भाष्याच्या चौथ्या अध्यायात आणखी एक सूक्ष्म नियम येतो. दृष्टी ठेवायची ती थोराची धाकट्यावर ठेवावी, धाकट्याची थोरावर ठेवू नये. सूर्याला ब्रह्म म्हणून पहावे, ब्रह्माला सूर्य म्हणून पाहू नये. आचार्य त्याला व्यवहारातला दाखला देतात: राजाच्या सारथ्याला कोणी राजासारखे मानले तर बिघडत नाही, पण राजाला सारथी समजून वागवले तर अनर्थ ओढवतो. मला हा दाखला फार उपयोगाचा वाटतो, कारण थराला दिशा असते हे त्याने कळते. मातीच्या गोळ्याला गणपती म्हणणे ही एक दिशा. खैरताबादेत १९५४ साली एक फूट उंचीच्या मूर्तीने सुरू झालेला गणपती २०१४ साली साठ फुटांवर गेला. तोही शेवटी हुसेनसागरात विरघळायचाच असतो, आणि हे आवाहनाच्या घटकेपासून सर्वांना माहीत असते. जिवंत माणसाच्या तोंडावर माकडाचे तोंड चढवून त्याची चित्रफीत गावभर फिरवणे ही दुसरी दिशा. दोहोंत वापरलेले गणित एकच असू शकते.

आता आपल्या यजमानाकडे वळू. पूजेत एखादा उपचार जवळ नसला, तर काय करतात? अलंकारांच्या जागी अक्षता वाहतात. वस्त्राच्या जागी कापसाचे वस्त्र वाहतात. वाहताना तसे मोठ्याने उच्चारतात, की हे अमक्याच्या अर्थी आहे. देवापुढे मूठभर तांदूळ टाकून तो रत्नहार आहे असे भासवण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही. नसल्याची कबुली हाच त्या उपचाराचा प्राण आहे. आपल्या यजमानाने गुरुजींना एवढेच म्हटले असते, की ‘गुरुजी, आज स्नान झाले नाही, उपरणे जवळ नाही, काय करू?’ तर गुरुजींनी त्याला दहा मिनिटांत अंघोळ उरकून ये म्हणून सांगितले असते, किंवा मानसिक स्नानाचा मार्ग दाखवला असता. शास्त्राने अडलेल्याची सोय फार उदारपणे केली आहे. त्या सोयीला एकच अट आहे, ती म्हणजे अडचण बोलून दाखवण्याची, आणि यजमानाने नेमकी तीच झाकली.

कोणी म्हणेल, मानसपूजेत तर सगळेच उपचार कल्पनेचे असतात. मग कल्पनेतले फूल चालते आणि पडद्यावरचे का चालू नये? हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. परंतु मानसपूजा करणाराला एकेक फूल मनाने खुडावे लागते, मनाने धुवावे लागते, मनाने वाहावे लागते. त्यात क्षणभर मन दुसरीकडे गेले तर ते फूल वाहिले जात नाही. आणि ती पूजा पाहणारा दुसरा कोणी नसतो. पडद्यावरच्या उपरण्यासाठी यजमानाच्या मनाला काहीही करावे लागले नाही, आणि ते होते ते केवळ पाहणाराच्या डोळ्यांसाठी.

याच संदर्भात मला नळाख्यान आठवते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानकाव्यामुळे ही कथा मराठी घरांत वाचली गेलेली आहे, तरी ती या दृष्टीने फिरून पहावी अशी आहे. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचेच रूप घेऊन बसले. हाती माळ घेतलेल्या मुलीसमोर पाच नळ! एका माणसाच्या चेहऱ्याचा थर चार जणांनी पांघरला आहे, आणि तिने जी निवड करायची ती जन्माची. दमयंतीने देवांना शाप दिला नाही की त्यांच्याशी वाद घातला नाही. आपल्या मनाचे सत्य पुढे करून तिने त्यांनाच विनवले, की आपली खूण प्रकट करा. आणि देवांनी ती केली. चौघांच्या अंगाला घाम नव्हता, पापण्या लवत नव्हत्या, माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भुईला टेकलेले नव्हते. पाचव्याची सावली पडली होती, त्याच्या अंगावर धूळ होती, आणि त्याचे डोळे मिटत उघडत होते.

पापणी लवण्याची ही खूण २०१८ साली अमेरिकेतील आल्बनी विद्यापीठातल्या संशोधकांनी पुन्हा शोधून काढली. यंत्राने घडवलेल्या बनावट चेहऱ्यांच्या चित्रफितींत पापण्या स्वाभाविकपणे लवत नाहीत, असे त्यांनी दाखवले. यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेली चित्रे बहुतेक उघड्या डोळ्यांची असतात, म्हणून ते मिटणे शिकलेलेच नव्हते. अर्थात ही खूण फार दिवस टिकली नाही. बनावट चेहरे लवकरच पापणी लववू लागले. आता जाणकार सांगतात, की समोरच्याला मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, किंवा चेहऱ्यावरून हात फिरवायला सांगा, म्हणजे थर क्षणभर विस्कटतो. उद्या तोही विस्कटणार नाही. खुणा संपत जातील, आणि पाहणाराच्या चातुर्यावर भिस्त ठेवण्यात फारसा अर्थ उरणार नाही. म्हणून मला या कथेत दमयंतीच्या हुशारीपेक्षा देवांचे वागणे अधिक मोलाचे वाटते. चौघेही समर्थ होते. मनात आणते तर पापणी लववणे, घाम आणणे त्यांना अशक्य नव्हते. पण तिने विचारले, आणि त्यांनी रूप उतरवले. विचारल्यावर जो थर उतरवतो आणि विचारल्यावर जो तो अधिकच घट्ट पांघरतो, त्या दोघांत मी मोठा भेद मानतो, मग थर कितीही सुंदर असो.

गंमतीचे उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका न्यायालयाचे काम पडद्यावरून चालले असताना एका वकिलाच्या चेहऱ्याच्या जागी मांजरीच्या पिलाचे तोंड उमटले, आणि ते काही केल्या जाईना. आपण मांजर नसून येथे प्रत्यक्ष हजर आहोत, असे त्या बिचाऱ्याने न्यायाधीशांना सांगितले. साऱ्या जगाने ते पाहिले आणि हसले. यात असत्य कोठेच नव्हते. थर उघड होता, आणि तो उतरवण्यासाठी वकीलसाहेबांची धडपडही उघड होती.

पण न्यायालयाचाच दुसरा प्रसंग हसण्यासारखा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील एका वयोवृद्ध उद्योगपतींना काही भामट्यांनी व्हिडीओवरून अटकेचा धाक घातला, आणि चक्क सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीचा बनाव उभा केला. त्या वेळचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावाने एक आवाज बोलला, हातोडा आपटल्याचा ध्वनी झाला, आदेश निघाला, आणि त्या गृहस्थांचे सात कोटी रुपये गेले. अशा टोळ्यांनी हैदराबादेतील निवृत्त मंडळींनाही पुष्कळ नागवले आहे. पडद्यावर गणवेश असतो, पाठीमागे पोलीस कचेरी असते, भिंतीवर राजमुद्रा असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशाला सांगितले, की कायद्यात अशी ‘डिजिटल अटक’ नावाची चीजच नाही. असा फोन आल्यास १९३० या क्रमांकावर कळवावे हे प्रत्येक घरी लिहून ठेवण्यासारखे आहे.

या प्रकारात लुबाडणाराने नुसता आपला चेहरा झाकला असे नाही. रावण भिक्षेकऱ्याच्या रूपात पर्णकुटीशी आला तेव्हा त्याने सीतेच्या अतिथिधर्मालाच साद घातली. दारी आलेल्या यतीला विन्मुख पाठवू नये, हे ती जाणत होती, आणि त्या जाणण्याचाच फास झाला. राजमुद्रेपुढे मान लववणारा निवृत्त शिक्षक किंवा कारकून काही मूर्ख नसतो. आयुष्यभर कायद्याचा आदर करीत आल्यामुळे तो त्या चित्रापुढे गप्प राहतो. म्हणून मी म्हणतो, की समोरचा मनुष्य जे पाहून काही देणार आहे, मग तो पैसा असो, आशीर्वाद असो, साक्ष असो की माळ असो, तेथे थर असल्याचे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. जेथे कोणी काही देत घेत नाही, नातवंडे आजोबांच्या डोक्यावर पेशवाई पगडी चढवून खिदळत आहेत, तेथे नीतीने तोंड घालण्याचे कारण नाही.

या कसोटीवर सगळेच प्रसंग चटकन निवडता येतात असे नाही. मुलगा परगावी इस्पितळात आहे. आई ऐंशीची, इकडे एकटी. रोज सायंकाळी तिला त्याचा चेहरा दिसला नाही तर ती जेवत नाही. तो काय करतो, तर खाटेमागे आपल्या घराच्या भिंतीचे चित्र लावतो, आणि फिल्टर लावून गालांवर थोडा रंग आणतो. आई निश्चिंत निजते. याला खोटारडा म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही विचार केला तर असे दिसते, की भिंत आणि गाल यांत फरक आहे. भिंत झाकून त्याने तिची काळजी वाचवली. आई काही भिंत पाहायला आलेली नव्हती. गाल पाहायला मात्र ती आली होती, आणि पाहून ती काही देतही होती: नवस बोलत होती, धीर देत होती, कदाचित शेवटचे पाहून घेत होती. उद्या त्याचे बरेवाईट झाले, तर तिने शेवटी पाहिलेला चेहरा त्याचा नव्हता, हे तिला कोण सांगणार, आणि कोणत्या तोंडाने? भिंतीवर चित्र लावावे, गालांवर रंग चढवू नये, असे माझे मत आहे. ज्याच्यावर अशी वेळ आली आहे त्याने ते मानलेच पाहिजे, असा आग्रह मात्र मी धरणार नाही.

हाच प्रश्न देवस्थानांच्या महाजनांपुढे आणि विश्वस्तांपुढे निराळ्या वेषात येऊन ठेपला आहे. २ एप्रिल २०२० रोजी भद्राचलम येथे सीतारामकल्याण भक्तांविना झाले आणि लोकांनी ते घरी पडद्यावर पाहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिरुमलच्या देवस्थानाने घरी बसून भाग घेता येईल असा कल्याणोत्सव सुरू केला. तेव्हापासून थेट दर्शन ही नित्याची बाब झाली आहे. माझी त्याला हरकत नाही. गुडघे गेलेल्या वृद्धेला काकडआरती दिसते, यात पुण्यच आहे. परंतु हळूहळू त्या चित्रावर आणखी चित्रे चढू लागली आहेत. मूर्तीवर फुलांची वृष्टी होते, आपोआप फिरणारी पंचारती येते, मागे तेजोवलय उजळते. दर्शन अधिक रम्य व्हावे एवढाच सांभाळणाऱ्यांचा हेतू असतो.

देवावर थर चढवणे आपल्याला नवे आहे काय? मुळीच नाही. विशाखापट्टणजवळच्या सिंहाचलमचा नरसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असतो, इतका की मूर्ती लिंगासारखी भासते, आणि अक्षय्यतृतीयेच्या एकाच दिवशी लेप उतरवून निजरूपाचे दर्शन घडवतात. पंढरीच्या विठोबाला उन्हाळ्यात चंदनउटी लावतात. लिंगावर मुखवटा चढवण्याची चाल तर आपल्याकडे सर्वत्र आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर साचून हजारो पुटे झाली होती. २०२२ साली ती उतरवली तेव्हा आतले मूळ स्वरूप पाहून भाविक चकित झाले. पण हे सारे थर देवाच्या अंगाला लागलेले होते. चंदन उगाळणाराचे हात दुखले होते. लेप केव्हा चढायचा आणि केव्हा उतरायचा, हे पंचांगात लिहिलेले होते. पडद्यावरचे फूल देवाला शिवतच नाही. ते पाहणाराच्या आणि देवाच्या मध्ये कोठेतरी पडते. चौकटीच्या कडेला नक्षी म्हणून ते राहिले तर कोणाचे काही जात नाही. प्रत्यक्ष मूर्तीवरून ते ओघळू लागले, की मग मात्र विचार करावा लागतो, आणि आपल्या गोमंतकी व कोंकणी वाचकांना तो इतरांपेक्षा अधिक करावा लागेल.

कारण आपल्या देवळांत पाकळी पडणे ही शोभेची गोष्ट नाही. आपण देवाला कौल लावतो. मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात, आणि सारे श्वास रोखून उभे राहतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सोयरीक जमवावी की नाही, जमीन विकावी की नाही, शस्त्रक्रियेला जावे की नाही, अशा गोष्टी त्या एका पाकळीवर ठरतात. ज्यांचा यावर विश्वास नाही त्यांच्याशी येथे वाद घालायचा नाही. ज्यांचा आहे त्यांच्यापुरते एवढे निश्चित, की ती पाकळी हा देवाचा शब्द आहे.

हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या भगिनीने मुलीच्या लग्नासाठी कुळदेवतेकडे कौल मागितला आहे असे समजा. गाडीने जाणे तिला जमत नाही. भटजींनी तिच्या वतीने गाऱ्हाणे घातले आहे, आणि ती इकडे पदर सावरून, हात जोडून पडद्यापुढे बसली आहे. डावीकडून एक पाकळी खाली आली. भटजींच्या तोंडून शब्द निघण्यापूर्वीच तिचे मन ते घेऊन बसले. ती पाकळी देवीच्या खांद्यावरून सुटली होती, की दर मिनिटाला ठराविक फुले ढाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, हे तिला कळायला काहीच मार्ग नाही. कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाला ते कळते. ती वृष्टी कोणत्या कळीने बंद होते हेही त्याला माहीत असते. परंतु आज गाभाऱ्यात कौल लागणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते त्याला कोणी आणि केव्हा सांगायचे, हा विषय कोणत्याही देवस्थानाच्या पुढच्या बैठकीत घेता येईल. तो निकालात काढायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागू नये.